दीड हात बोळ आणि माझं लग्न

दिवेआगरातला आमचा बोळ कुणी मुद्दाम केला नाही, दोन भावांच्या हट्टातून उरला. वाटणी झाली तेव्हा बाबांनी आणि काकांनी आपापल्या वाडीला पुरुषभर उंच गडगा घातला. त्याच्या दगडाला माझा दगड लागता कामा नये, म्हणून मधे दीड हात जागा सोडली. पुढं अकरा वर्षं दोघांनी एकमेकांशी चकार शब्द काढला नाही. गाव मात्र खूश! समुद्रावर जायची जवळची वाट झाली की हो. वाट एका माणसाची, म्हणून गावानंच नियम घातला: डोक्यावर ओझं असेल त्यानं पुढं यायचं, रिकाम्यानं मागं सरायचं.

आणि त्या बोळात अडकावं कुणी? माझ्या नवऱ्यानं!

वऱ्हाड तळा गावाचं, उतरलं होतं देवळात. तिथून बोळातून आमच्या दारी यायचं. नवरदेव पुढं, मागं त्याची आत्या, मग सनई आणि सगळी वरात. नेमक्या त्याच वेळी समुद्रावरून दहा-बारा कोळणी माशांच्या पाट्या घेऊन आत शिरल्या. मधे वळण, त्यामुळं कुणी कुणाला पाहिलं नाही.

"मागं व्हा! डोक्यावर पाटी हाय, दिसत न्हाय?"

"नवरदेवाचं पाऊल मागं जात न्हाय, बाई!" आत्या कडाडली.

दोघींचंही खरं! मी मुंडावळ्यांसकट माडीच्या खिडकीत लोंबकळत होते. नवरा भोळा सांब, पाटीखाली गप उभा, माशांचं पाणी बाशिंगावर टपटप. मला हसू आवरेना. तेवढ्यात भटजी ओरडले, "मुहूर्त टळतोय!" मुहूर्त चुकला तर वऱ्हाड परत नेईन, असं आत्यानं आधीच बजावलं होतं.

गडग्यापलीकडून काका गरजले, "अरे, पोरीचा मुहूर्त चाललाय नि नियम कसले सांगता! फोडा माझा गडगा! बाया वाडीत शिरू देत. बाजूला होणं म्हणजे मागं जाणं न्हाय!"

आणि स्वतःच दगडाला भिडले. दगड हलेना. मग मान वर करून आमच्या घराकडं ओरडले, "बघतोस काय? पहार आण की!"

बाबा धोतर सावरत आपल्या गडग्यावर चढले, तिथून त्यांच्या गडग्यावर, आणि धपकन काकांच्या वाडीत उतरले. "कुठली पहार? वाटणीत तुलाच गेली ना ती!"

"गंजली रे."

"मग लाव हात."

दोघं भाऊ समोरासमोर वाकले आणि एकच दगड ओढायला लागले. खाली भटजी घसा फोडत होते, आणि मी मुहूर्तबिहूर्त विसरून खिडकीत हसता हसता ढसाढसा रडत होते.