उतारावरची बग्गी

रोज सकाळी बग्गीत बसण्याआधी कुसुम गायधनी तिच्याभोवती एक फेरी मारत. चारही चाकांना चपलेच्या टोकाने हलकेच टोचून पाहत, गुडघ्यावर हात टेकून खाली वाकत, एखादं कुत्रं सावलीला पसरलंय का ते बघत आणि मगच किल्ली लावत. आसपासच्या ओट्यांवर चहा पीत बसलेली मंडळी ही प्रदक्षिणा बघून हसत. "आज नारळ नाही फोडला, ताई?" असं कुणीतरी विचारी. कुसुमताई वळूनही बघत नसत. ज्यांना दिवसभरात हसायला दुसरं काही मिळत नाही, त्यांना निदान सकाळचं तरी मिळू द्यावं, एवढी त्यांची दया होती.

गंगापूर धरणाकडे जाणाऱ्या रस्त्यावर, जिथे पूर्वी द्राक्षबागा होत्या त्या उतारावर, 'अमृतसंध्या' नावाची निवृत्तांची वसाहत उभी राहिली. नुसतं 'संध्या' म्हणायची बिल्डरला लाज वाटली असावी, म्हणून पुढे अमृत चिकटवलं, असं कुसुमताईंचं मत. गुडघे गेलेल्या माणसांसाठी वसाहत बांधायची आणि दवाखाना, भोजनगृह, योगवर्ग सगळं नेऊन चढाच्या टोकाला ठेवायचं, याला अक्कल लागते. मग ती अक्कल निस्तरायला विजेवर चालणाऱ्या दोन बग्ग्या आल्या. जाहिरातीत त्यांना गोल्फ कार्ट म्हटलं होतं. वसाहतीत गोल्फ कुणी पाहिला नव्हता, पण शब्द ऐकून पोरांनी आईबापांची घरं तिथे नक्की केली.

बग्ग्या रहिवाशांनीच पाळीपाळीने चालवाव्यात असं समितीने ठरवलं. तेवढाच चालकाचा पगार वाचला, आणि त्याला 'सक्रिय वार्धक्य' असं नाव दिल्यामुळे भाषणालाही विषय मिळाला. चौघांना किल्ल्या मिळाल्या. त्यात तीन पुरुष आणि एक कुसुमताई, सकाळच्या पाळीला.

कुसुमताईंनी त्याआधी आयुष्यात काही चालवलं नव्हतं. नवरा होता तोवर त्या स्कूटरच्या मागच्या सीटवर, एका बाजूला पाय सोडून, मांडीवर पिशवी धरून बसत. नवरा गेल्यावर रिक्षा, शेजारी, भाचे, आणि "मला जरा सोडता का" हे चार शब्द. त्या चार शब्दांची त्यांना इतकी शिसारी बसली होती की अनेकदा त्या जायचंच टाळत. सत्तरी ओलांडल्यावर हातात किल्ली आली आणि ते शब्द तोंडातून गेले. बग्गी शिकायला त्यांना आठवडा लागला. उतारावर पाय ब्रेकवर हवा, वळणावर थांबून दोन्हीकडे बघायचं, मागे बसलेल्याने दांडी धरल्याशिवाय निघायचं नाही, उतरताना किल्ली काढून घ्यायची. एवढंच तर होतं. एवढंही लोकांना का जमत नाही हे त्यांना कळत नसे.

खरं तर कळत होतं. एका विमा कंपनीच्या नाशिकच्या कचेरीत, वाहन अपघातांच्या दाव्यांच्या टेबलावर त्यांची सगळी नोकरी झाली होती. अपघात कुठेही होवो, चालकाचा जबाब एकच असे. अचानक आडवा आला. सायकलवाला अचानक आडवा आला, बैल अचानक आडवा आला, एकदा तर शाळेची भिंत अचानक आडवी आली होती. कुसुमताई दुपारच्या डब्याला मैत्रिणींना हे जबाब वाचून दाखवत. जगात सरळ उभं असलेलं काहीच नाही, फक्त गाडीवाला तेवढा सरळ, असं त्या म्हणत, आणि टेबलाभोवती हशा पिके.

आता त्या जबाबांचे मालक त्यांच्या आसपास राहायला आले होते. कुणी नातवाला मांडीवर बसवून त्याच्या हाती चाक देई. कुणी चौघांच्या गाडीत सहा जणांना कोंबून "ॲडजस्ट करा" म्हणे. शिवाय बग्गीला आवाज नाही आणि निम्म्या वसाहतीला ऐकू येत नाही. ही जोडी ज्याने जुळवली त्याला कुसुमताई मनातल्या मनात रोज हात जोडत. सगळ्यांवर कडी म्हणजे वाल्मीकराव बोरस्ते. चांदवडला कांद्याचा व्यापार करून थकलेले, मोठ्या देहाचे, मोठ्या आवाजाचे. ते एक पाय बाहेर लोंबत ठेवून, एका हातात फोन धरून बग्गी चालवत आणि फोनवर अजूनही कुणाला तरी भाव विचारत.

"वाल्मीकराव, पाय आत."

"ताई, ट्रॅक्टरच्या चाकाशी खेळत मोठे झालो आपण. ही तर लेकरांची गाडी हाय."

"म्हणूनच सांगते. लेकरांना सांगावं लागतं."

वाल्मीकराव मोठ्याने हसत आणि पाय आत घेत. वळण ओलांडलं की पाय पुन्हा बाहेर.

कुसुमताईंच्या नावडत्या माणसांत दुसरा नंबर अक्काबाईंचा. नांदगावच्या, ऐंशीच्या पुढच्या, इतक्या बहिऱ्या की ओरडलं तरच ऐकू येई. त्यांच्या मुलाने त्यांना इथे आणून ठेवलं होतं. चोरीच्या फुलांनी देव लवकर पावतो यावर अक्काबाईंची गाढ श्रद्धा. उजाडता उजाडता प्लास्टिकची पिशवी घेऊन त्या कुंपणाकुंपणाने फिरत. कुसुमताईंची जास्वंद त्यांना विशेष प्रिय.

"अक्का, कळ्या मोजून ठेवल्यात मी," कुसुमताई ओरडून सांगत.

"देवाची फुलं कुणी मोजतं का गं? मोजतीस म्हून तर तुझ्या घरी कुणी पाव्हणा येत नाय."

हे वाक्य कुसुमताईंनी अक्काबाईंना कधी माफ केलं नाही.

होळीच्या सुमारास त्या शहरातल्या डोळ्यांच्या डॉक्टरकडे गेल्या. चष्म्याचा नंबर बदलला असेल एवढीच शंका होती, कारण चहाचा कप उचलायला जावं तर हात शेजारच्या बरणीला लागे. डॉक्टरने काचबिंदू सांगितला. बाजूची नजर बरीच गेली आहे, गेलेली परत येणार नाही, रोज थेंब घातले तर उरलेली टिकेल. "वाहन चालवता का?" त्याने विचारलं. "नाही," कुसुमताई म्हणाल्या. बग्गी म्हणजे काही वाहन नव्हे, तिला नंबरप्लेट नसते. अशी पळवाट एखाद्या दावेदाराने काढली असती तर कुसुमताईंनी लाल पेन्सिलीने तिच्याखाली दोन रेघा मारल्या असत्या. स्वतःसाठी त्यांनी ती घडी घालून पदराला बांधली.

समोरचं लख्ख दिसत होतं. सुईत दोरा एका झटक्यात जात होता. फक्त कडा विरत चालल्या होत्या, फार धुतलेल्या लुगड्याचा काठ विरावा तशा. त्या कुणाला बोलल्या नाहीत. प्रदक्षिणा मात्र अधिक सावकाश झाली, आणि लोक अधिक हसले.

श्रावणातल्या एका सोमवारी त्या योगवर्गाला निघाल्या. बुरबुर पाऊस नुकता थांबलेला. मागच्या सीटवर वाल्मीकराव, त्यांची पाळी नव्हती म्हणून पाहुणे. वाल्मीकरावांच्याच घराजवळच्या वळणावर, मेंदीच्या कुंपणाला लागून अक्काबाई उभ्या होत्या. सोमवार म्हणून पिशवी फुगलेली. कुसुमताई वळणावर थांबल्या, नियमाप्रमाणे दोन्हीकडे पाहिलं, आणि निघाल्या. डाव्या बाजूला काहीतरी मऊ लागल्याचं त्यांना हातापर्यंत जाणवलं. मग वाल्मीकरावांचा "अरे अरे", आणि रस्त्यावर पांढरी तगर पसरलेली.

अक्काबाई उजव्या मनगटावर पडल्या होत्या. हाड मोडलं होतं. त्या रडल्या नाहीत, फक्त फुलांकडे बोट करून "गोळा करा, गोळा करा" म्हणत राहिल्या. व्यवस्थापक अमित धावत आला. वाल्मीकरावांनी त्याला तिथेच सांगून टाकलं, "ताईंची काही चूक नाय. त्या थांबल्या, बघितलं, मग निघाल्या. म्हातारीच अचानक आडवी आली."

कुसुमताई चाकावर हात ठेवून बसून होत्या. ते वाक्य त्यांच्याही तोंडात तयार होतं. वाल्मीकराव फक्त आधी बोलले.

संध्याकाळी चढावरच्या क्लब हाऊसमध्ये समिती बसली. अक्काबाई प्लास्टर घालून घरी आल्या होत्या, त्यांना बोलावायची गरज कुणाला वाटली नाही. वसाहतीतली सगळ्यांत सावध बाई बग्गी चालवत होती आणि वसाहतीतली फूलचोर खाली पडली होती. निकाल लावायला यापेक्षा सोपं प्रकरण सापडलं नसतं. एकाने फुलं तोडण्यावर बंदी सुचवली. दुसऱ्याने अक्काबाईंनी एकटीने बाहेर पडू नये असं मांडलं. तिसरा म्हणाला, मुलाला कळवू, चोवीस तासांची बाई ठेवून दार बंद राहील असं बघू, त्यांच्याच भल्यासाठी. इतरांच्या भल्याचा विषय निघाला की अमृतसंध्येतल्या माणसांच्या अंगात वेगळंच बळ येई.

कुसुमताई ऐकत होत्या. अक्काबाईंविषयी त्यांना प्रेम नव्हतं. गप्प राहायचं, एवढंच काम होतं. किल्ली पर्समध्ये होती. उद्या सकाळी पुन्हा ती लावायची, कुणाच्या दारात जाऊन काही मागायचं नाही. अक्काबाईंचं दार बंद राहील, त्यांचं उघडं.

अमित लॅपटॉप उघडून मजकूर लिहीत होता. "त्या अचानक आडव्या आल्या, असंच टाकतो ना, काकू?"

"नको," कुसुमताई म्हणाल्या.

"मग काय लिहू?"

"ती आडवी आली नाही. ती कडेला उभी होती. मला कडेचं दिसत नाही."

कुणाला नीट कळलं नाही. त्यांनी डॉक्टर, होळी, थेंब सगळं सांगितलं, जेवणाचा बेत सांगावा तशा कोरड्या आवाजात.

"अहो, मग इतके महिने सांगितलं का नाहीत?" अध्यक्षांनी विचारलं.

"तुम्ही किल्ली काढून घेतली असतीत."

"बरोबरच आहे ना ते."

"बरोबर आहे म्हणूनच नाही सांगितलं."

त्यांनी किल्ली टेबलावर ठेवली. एक निवृत्त मुख्याध्यापक खाकरून "याला मन मोठं लागतं" वगैरे सुरू करणार होते. आयुष्यभर ज्यांचे जबाब वाचून आपण हसलो, त्यांच्या रांगेत आज आपण उभ्या आहोत आणि वर हे आपल्या गळ्यात हार घालायला निघालेत, या विचाराने कुसुमताईंचं तोंड आंबलं.

"मन राहू द्या," त्या म्हणाल्या. "तिच्या मुलाला तो फोन करू नका. आणि वाल्मीकराव, उद्या माझी पाळी तुम्ही घ्या. दुसरं कुणी माझं ऐकतं कुठे."

फोन झाला नाही. फुलांवरची बंदी मात्र मंजूर झाली, कारण बैठक बसली की काहीतरी मंजूर व्हावंच लागतं. अक्काबाईंनी ती ऐकली नाही, बहिऱ्या असल्यामुळे आणि नसत्या तरीही.

दुसऱ्या दिवशी कुसुमताई परडीभर जास्वंदी घेऊन त्यांच्या दारात गेल्या आणि त्यांच्या कानाशी ओरडून आपल्या डोळ्यांचं सगळं सांगितलं. अक्काबाईंनी परडीकडे संशयाने पाहिलं.

"तुझ्यापायी देवाला डाव्या हातानं फुलं वाहायची पाळी आली."

"मी वाहते. तुम्ही सांगा कुठल्या देवाला कुठलं."

"दिलेली फुलं हायत. देव ओळखायचा नाय." त्यांनी तरीही पाट सरकवला. मग म्हणाल्या, "दिसत नव्हतं तर बोलायचं ना बाई. मला ऐकू येत नाय, ते मी गावभर सांगत फिरते. कोण काय वाकडं करतंय माझं?"

कुसुमताईंनी परडीतलं एक पांढरं जास्वंदीचं फूल उचलून शंकराला वाहिलं.

त्यानंतर त्या वाल्मीकरावांच्या शेजारी बसून क्लब हाऊसला जाऊ लागल्या. बसणं सोपं नव्हतं. वाल्मीकराव वळणावर थांबायचे, पण चाक वळवून मग थांबायचे. उतारावर ब्रेकवरचा पाय काढून गाडी मोकळी सोडायचे आणि "बघा कशी पळती" म्हणायचे. कुसुमताई दांडी घट्ट धरून समोर बघत आणि एकेक चूक शांतपणे सांगत. वाल्मीकराव वैतागत, "ताई, तुम्ही चालवत होता तेव्हा बरं होतं, निदान तोंड तरी बंद असायचं," म्हणत, आणि दुसऱ्या दिवशी ती चूक टाळत. बाकीचे लोक हसत राहिले, आता दोघांना. कुसुमताईंचं लोकांविषयीचं मत बदललं नाही, आणि ते बदलावं असं लोकांनीही काही केलं नाही.

कार्तिक संपता संपता एका संध्याकाळी वाल्मीकरावांनी त्यांना जेवणानंतर घराशी सोडलं. थंडी पडायला लागली होती. धरणावरून वारा येत होता आणि उतारावरचे दिवे एकेक करून लागत होते. कुसुमताई दांडी धरून सावकाश उतरल्या, पायरी चाचपली, कुलूप उघडलं. त्याच रात्री झोपेत त्या गेल्या.

माणूस गेलं की शेवटच्या शब्दांत लोकांना काहीतरी थोर हवं असतं. मुख्याध्यापकांनी तर शोकसभेआधी वाल्मीकरावांना बाजूला घेऊन विचारलं, शेवटी काय म्हणाल्या हो त्या. वाल्मीकरावांनी बराच वेळ आठवल्यासारखं केलं. आठवायची गरज नव्हती. दार लोटता लोटता कुसुमताई मान वळवून एवढंच म्हणाल्या होत्या, "उद्या आलात की हॉर्न वाजवू नका. मी दारातच उभी असते."