अर्धा फेरा, आणि थांबायचं

गल्लीत त्यांना सगळे घट्टकाका म्हणत, आणि उगीच नव्हे. पोस्टाच्या पार्सल विभागात तीस वर्षं त्यांनी दोऱ्या आवळल्या, आणि निवृत्तीनंतर तो सगळा जोर घरावर उतरला. त्यांनी बंद केलेला नळ उघडायला शेजाऱ्याला हाक मारावी लागे. साखरेची बरणी तर काकू बिनधास्त झाकणाला धरूनच उचलत. झाकण निघण्याची भीती या घरात नव्हतीच.

अशा माणसाने गाडीचे स्पार्क प्लग बदलायला घेतले, तेही बायकोच्या ड्रायव्हिंग टेस्टच्या आदल्या दिवशी! काकू एकोणसाठाव्या वर्षी गाडी शिकल्या होत्या. मागच्या टेस्टला गाडीने आचके दिले, भर चौकात बंद पडली, आणि काकू नापास झाल्या. दोष जुन्या प्लगांचा, हसं मात्र काकूंचं झालं. "या वेळी गाडी कुरकुरणार नाही," असा काकांनी शब्द दिला होता.

इंजिन गार होतं. काकांनी चार नव्या प्लगांपैकी पहिला बसवला, पाना लावला आणि दात-ओठ खाऊन पिळला. कट्! प्लगची पांढरी चिनीमाती तडकली.

स्पेअर पार्टवाल्याने तो प्लग उलटसुलट करून पाहिला. "काका, कुणावरचा राग काढलात? आधी नुसत्या बोटांनी फिरवायचा, तळाला टेकेपर्यंत. मग पान्याने अर्धा फेरा. आणि थांबायचं. जास्त पिळलंत तर इंजिनचे आटे जातील, मग गाडी ओढूनच आणावी लागेल."

नवा प्लग घेऊन काका घरी आले, तो बोटांनी टेकवला आणि पान्याने अर्धा फेरा दिला. थांबले. पण राहवेना. जरासा अजून दिला तर काय बिघडतंय? कट्! दुकानात त्या जातीचा शेवटचा एक प्लग उरला होता, तो घेऊन ते खाली मान घालून परतले.

काकू हात पुसत बाहेर आल्या. "अहो, झालं का?"

"दोन फोडले," काका म्हणाले. "अगं, माझा हात थांबतच नाही."

"पण का?"

"उद्या पास झालीस की तू एकटी जाणार. वाटेत काही सुटलं, तर तिथे मी नसेन."

काकूंना गलबलून आलं. मग त्यांनी पदर खोचला. "द्या तो पाना इकडे."

त्यांनी बोटांनी प्लग टेकेपर्यंत फिरवला आणि पान्याने अर्धा फेरा दिला.

"जरासा अजून..."

"नाही."

"निदान..."

"अहो, नाही म्हटलं ना!"

चारही प्लग असेच बसले. काकूंनी चावी फिरवली, आणि गाडी पहिल्याच फटक्यात सुरू झाली.

दुसऱ्या दिवशी काकू पास झाल्या. काकांना दारात उतरवून त्या एकट्याच फेरी मारायला गेल्या. काका मागे चुळबुळत उभे राहिले. मग मन रमवायला स्वयंपाकघरात शिरले, बरणीत साखर भरली, झाकण टेकेपर्यंत फिरवलं, आणि थांबले. हात शिवशिवत होता, तरी थांबले. आयुष्यात पहिल्यांदाच.

तासाभराने काकू आल्या. चेहऱ्यावर आनंद मावत नव्हता. "चहा टाकते, गोड करते चांगला," म्हणत त्यांनी नेहमीसारखी झाकणाला धरून बरणी उचलली.

झाकण हातात आलं. साखर पार दारापर्यंत पसरली.

"अहो!" काकू कडाडल्या. "एक झाकण धड लावता येत नाही तुम्हाला?"