रक्त पितंय कोण?

दवाखान्यात तिला सगळे चौकशीबाई म्हणत. तोंडावर नव्हे, पाठीमागे. पण तिला ते ठाऊक होतं, कारण तेही तिने चौकशी करूनच काढलं होतं. गोळी एवढी मोठी का, ती रोज ठरल्या वेळीच का घ्यायची, विषाणू रक्तात असतो तर मला चावलेल्या डासाचं पुढे काय होतं, असले तिचे प्रश्न. औषधं देणारा माणूस ती खिडकीशी आली की आधी पाण्याचा घोट घ्यायचा आणि मग म्हणायचा, "हं, विचारा."

एचआयव्ही तिला नवऱ्याकडून आला. नवरा गेला, हिच्या गोळ्या सुरू झाल्या, आणि त्या गोळ्यांच्या जोरावर ती इतकी वर्षं ठणठणीत होती. गोळी चुकवणाऱ्यांचा तिला भारी राग यायचा. रांगेत कुणी "दोन दिवस राहूनच गेली" म्हणालं की ही मान वळवून त्याच्याकडे असं बघायची की तो बिचारा पुढच्या वेळी खोटं बोलायचा, पण तिच्यासमोर चुकलो म्हणायचा नाही.

काम रोपवाटिकेत. तिथली एक रीत होती: वाफ्यात उतरायचं ते अनवाणी. माती चिमटीत धरून ओल बघणारे जगात पुष्कळ असतील, इथे ती तळपायाने बघायची. टाचेखाली माती गार आणि घट्ट लागली तर पाणी नको, भुसभुशीत लागली तर झारी आणा. मुकादमाने सगळ्यांना तसंच शिकवलं होतं, आणि बूट घालून वाफ्यात उतरणाऱ्याला तो "या पाहुणे" म्हणायचा. पाहुणा म्हणवून घ्यायची कुणाची हौस नव्हती.

मग तिला दम लागायला लागला. आधी कुंड्यांची गाडी ढकलताना, मग झारी उचलताना, मग नुसतं जिना चढतानासुद्धा. नखं पांढरी पडली. ताईने, म्हणजे तिच्या थोरल्या बहिणीने, तिच्या डोळ्याची खालची पापणी ओढून पाहिली आणि भांडी घासायला बसली. दोघी बहिणी एका खोलीत राहत आणि हिचं दुखणं काय ते ताईशिवाय कुणाला माहीत नव्हतं. कामावर हिने सांगून ठेवलं होतं की दर महिन्याला ताईला गुडघ्याच्या डॉक्टरकडे न्यावं लागतं. ताईचे गुडघे उत्तम होते. पण मुकादम रस्त्यात दिसला की ती बिचारी इमानदारीत लंगडायची.

त्या खोलीत एक वाईट खोड होती. जे काही होईल त्याचं खापर 'त्या'च्यावर फोडायचं. आजाराचं नाव कधी घ्यायचं नाही, नुसतं 'ते' म्हणायचं. शिंका आल्या, 'त्या'च्यामुळे. केस गळले, 'त्या'च्यामुळे. दूध उतू गेलं असतं तरी दोघींनी एकमेकींकडे तसंच पाहिलं असतं. त्यामुळे दम लागायला लागल्यावर काही विचारायचं उरलंच नाही. गोळ्यांनी हात टेकले, 'ते' जिंकलं, इतकं सरळ. एरवी मुंगी कुठे चालली तेही विचारणारी बाई ह्या बाबतीत गप्प बसली. भीती वाटली की माणूस असाच वागतो.

डॉक्टरबाईंनी तपासण्या केल्या. रक्त फारच कमी निघालं. एक गोळी कधीकधी रक्त कमी करते म्हणून त्यांनी ती बदलून दिली, पण पुढच्या खेपेला रक्त आणखी खाली. ती समोरच्या स्टुलावर बसली आणि मनातलं बोलून टाकलं, "गोळ्या चालेनाशा झाल्यात ना? खरं काय ते सांगा."

"चालतायत की. उत्तम चालतायत," डॉक्टरबाई कागद तिच्याकडे फिरवून म्हणाल्या. "हे बघा. तुमच्या रक्तात विषाणू यंत्राला सापडतसुद्धा नाही."

तिने कागद पाहिला, डॉक्टरबाईंकडे पाहिलं, पुन्हा कागद पाहिला.

"मग रक्त पितंय कोण?"

डॉक्टरबाईंनी पेन खाली ठेवलं. "हे मी आधी विचारायला हवं होतं," त्या म्हणाल्या. मोठं दुखणं फायलीवर लिहिलेलं असलं की लहान दुखणी शोधायची राहून जातात, त्यांचंही तसंच झालं होतं. मग त्यांनी उलट चौकशी सुरू केली. पाळी कधी थांबली, पोट दुखतं का, काम काय करता. मातीत? अनवाणी? पायाला खाज सुटते का?

"ती सगळ्यांनाच सुटते," ती म्हणाली. "बोटांच्या बेचक्यात बारीक पुरळ येतं. आम्ही तिला वाफ्याची खाज म्हणतो."

डॉक्टरबाईंनी एक लहानशी डबी तिच्या हातात ठेवली. "उद्या सकाळी ह्यात शौचाचा नमुना आणा. ताजा पाहिजे हं. अगदी ताजा."

आता इथे जो घोळ झाला तो रोपवाटिकेतली बाईच करू जाणे. सकाळी नमुना घेऊन ती निघाली, पण वाटेत कामावर डोकावली तर रोपांचा ट्रक भरायचा होता. तो भरून होईतो प्रयोगशाळेची खिडकी बंद. नमुना ताजा राहायला हवा, एवढं तिच्या डोक्यात पक्कं. आणि ताजं कसं ठेवायचं हे तिला कुणी शिकवायला नको होतं. परगावी पाठवायच्या कलमांना करतात तसं तिने डबीला ओल्या शेवाळात गुंडाळलं आणि हिरव्या जाळीखालच्या उबदार कोपऱ्यात, कलमांना मुळं फुटायला ठेवतात तिथे, नीट सावलीत ठेवून दिलं. दुसऱ्या दिवशी मोठ्या समाधानाने नेऊन दिलं.

संध्याकाळी डॉक्टरबाईंचा फोन. नमुन्यात जंतांच्या अळ्या आहेत, वळवळणाऱ्या. जंतांची एक जात अशी असते की ती शरीराच्या आतल्या आतच वाढत राहते, आणि ज्यांची प्रतिकारशक्ती कमी झालेली असते त्यांच्या फुप्फुसापर्यंत पसरू शकते. तीच आहे असं नाही, पण खात्री करायला हवी. पुन्हा नमुना आणा, थेट हातात द्या.

फोन ठेवून तिने ताईला सांगितलं. ताई तर रडायलाच लागली. ताईला समजावता समजावता मात्र हिच्या मनात भलतंच चाललं होतं. वळवळतात म्हणजे कशा? डोळे असतात का त्यांना? माझ्या आत राहतात तर मला कळत कसं नाही? भीती होतीच, पण ह्या वेळी चौकशी तिच्या पुढे गेली होती.

दुसरा नमुना तिने खरोखरच थेट नेऊन दिला आणि तिथेच ठाण मांडलं. प्रयोगशाळेतला तपासनीस अबोल माणूस. बराच वेळ सूक्ष्मदर्शकात पाहत राहिला, मग भुवया आक्रसून म्हणाला, "कमाल आहे. कालच्यात नुसत्या अळ्या होत्या. आज एकही नाही, फक्त अंडी."

"मला दाखवा ना."

"तुम्हाला?"

"माझीच आहेत की."

तो बाजूला सरकला. तिने एक डोळा मिटून दुसरा काचेला लावला. लांबट गोल, पातळ सालीचं काहीतरी, आत दोन-चार ढेकळं. बी असतं तसं. एवढ्याशा ह्याच्यासाठी आपण रात्रभर जागलो, ह्याचं तिला नवल वाटलं.

"आधीचा नमुना कुठे ठेवला होता तुम्ही?" तपासनीसाने सहज विचारलं.

तिने सांगितलं. शेवाळाचं सांगितलं, उबेचं सांगितलं, सावलीचंही सांगितलं, आणि सांगताना आवाजात जराशी ऐटही होती. तो अबोल माणूस आधी कपाळावर हात मारून बसला आणि मग इतका हसला की शेजारच्या खोलीतून कुणीतरी पाहायला आलं.

"अहो बाई, अंडीच होती ती. तुम्ही उबवलीत. एवढी ऊब आणि ओल मिळाल्यावर ती काय करतील? ती पसरणारी जात असती तर आजच्या ताज्या नमुन्यातही अळ्याच दिसल्या असत्या."

रोपं रुजवणाऱ्या बाईने जंत रुजवले होते. तिला आधी लाज वाटली, मग तीही हसली, आणि हसताना लक्षात आलं की हे म्हणजे ते पसरणारे नव्हेत. तिचा जीव भांड्यात पडला.

डॉक्टरबाईंनी दुसऱ्याच दिवशी सगळं उलगडून सांगितलं. हुकवर्म म्हणतात त्याला. आतड्याला तोंडाने चिकटून बसतो आणि रक्त पितो. त्याची अंडी शौचातून मातीत पडतात, तिथे अळी होते आणि अनवाणी पायाच्या कातडीतून आत शिरते. ती शिरते तिथे खाज सुटते.

"म्हणजे हे 'त्या'च्यामुळे नाही?"

"नाही. कुणालाही होतं."

"ज्यांना एचआयव्ही नाही त्यांनाही?" हे नाव तिने स्वतःच्या तोंडाने घेतल्याचं तिलाच मागाहून कळलं.

"अगदी कुणालाही. तुमचं आधीच एक दुखणं, म्हणून रक्त कमी होणं तुम्हाला जास्त महागात पडलं असतं, एवढंच." त्यांनी जंतांचं औषध लिहिलं, लोहाच्या गोळ्या लिहिल्या. "पण एकट्या तुम्ही औषध घेऊन भागणार नाही. तिथे अनवाणी चालणाऱ्या सगळ्यांनाच द्यावं लागेल. शौचाला कुठे जाता तुम्ही?"

 रोपवाटिकेत शौचालय होतं, पण त्यात मुकादमाने फुटक्या कुंड्या रचल्या होत्या. सगळे मागच्या भिंतीआड जायचे, पालापाचोळ्याच्या ढिगाशेजारी. तोच पाला कुजला की खत म्हणून वाफ्यात पडायचा.

म्हणजे आता सांगणं आलं. औषध घेऊनही ती पुन्हा त्याच वाफ्यात उतरली असती आणि पुन्हा तेच. आणि सांगायचं तर तू कुठल्या दवाखान्यात गेली होतीस, हे आलंच, आणि तिथे 'त्या'च्याही गोळ्या मिळतात हे पुष्कळांना ठाऊक होतं. ताई म्हणाली, "नको बाई. एकातून दुसरं निघेल आणि भांडं फुटेल." त्यात खोटं काही नव्हतं. काम गेलं तर दोघींनी खायचं काय?

दुपारी सगळे डबे सोडून बसले तेव्हा तिने सांगायचं ठरवलंच. सगळ्यांचं जेवण होईतो ती थांबली, तेवढं भान होतं.

"माझ्या पोटात जंत निघालेत," ती म्हणाली. "वाफ्यातून येतात, पायातून. तुमच्याही पोटात असणार."

 मग एकीने हातातला पाण्याचा पेला खाली ठेवला. मुकादम उसळला. "माझ्या वाफ्यात?" मग तिने ढीग, भिंत, कुंड्यांनी भरलेलं शौचालय, सगळं एका दमात सांगून टाकलं, अंडी उबवल्याचंही सांगितलं. त्यावर हशा पिकला, आणि हसता हसता बोलणी सुरू झाली. एक म्हणाली, मला उठताना अंधारी येते, मला वाटलं उपाशी राहते म्हणून. दुसरी म्हणाली, माझी नखं बघ. मुकादम स्वतःची पापणी ओढून शेजारणीला विचारू लागला, "पांढरं आहे का गं? मला वाटत होतं, वय झालं." कुठला दवाखाना ते एकीने विचारलं, तिने नाव सांगितलं, आणि त्या नावावर कुणीच थबकलं नाही. जंतांसाठी किती वाजता जायचं, एवढंच सगळ्यांना हवं होतं.

"तुला कधीपासून दम लागतोय?" मुकादमाने विचारलं.

"पुष्कळ दिवस झाले."

"मग बोलली का नाहीस? गाडी दुसऱ्या कुणी ढकलली असती. आम्ही काय खाल्लं असतं तुला?"

 जन्मभर दुसऱ्यांना प्रश्न विचारलेल्या बाईला इतका साधा प्रश्न अडला.

"मला वाटायचं," ती हळूच म्हणाली, "मला जे होईल ते कुणाला सांगायचं नसतं."

"असं कुठे असतं का," मुकादम म्हणाला आणि शौचालयाची किल्ली शोधायला उठला. त्याच्या लेखी ते साधं बोलणं होतं. तिला मात्र हुंदका आवरेना. ती सगळ्यांच्या देखत रडली, आणि शेजारच्या बाईने तिचा डबा बाजूला सरकवून तिला जवळ घेतलं.