कॉफीच्या मशिनचा तवा

मी भित्री आहे. हे घरात सगळ्यांना ठाऊक आहे आणि माझी त्याला हरकत नाही. भित्र्या माणसाच्या घरात निदान गॅसचा कॉक तरी न चुकता बंद होतो. पण माझी भीती सरसकट नाही. पोलादपुरात राहून सापाला भिऊन चालत नाही, त्यामुळे सापाला मी भीत नाही. कशेडी घाटात दरड आली, महाडच्या बाजारपेठेत पाणी शिरलं, असं ऐकलं की धास्ती वाटते, पण ती इथे सगळ्यांनाच वाटते. मी भिते ते भिंतीतल्या विजेला.

त्याला कारण आहे. माहेरी शेतावरच्या पंपाच्या पेटीला माझे धाकटे काका चिकटले, तेव्हा मी बांधावर उभी होते. काकू धावत गेली आणि तिने त्यांना मिठी मारली. कुणीही मारेल. काका गेले. काकू लांब फेकली गेली म्हणून वाचली, पण तिच्या उजव्या हाताची बोटं पुढे कधी सरळ झाली नाहीत. नंतर मोठी माणसं आम्हा पोरांना एकच गोष्ट बजावत राहिली: चिकटलेल्या माणसाला हात लावायचा नाही, आधी मेन स्विच पाडायचा. ते मी पाढ्यासारखं पाठ केलं. लग्न होऊन या घरात आले, सासूबाईंनी मला स्वयंपाकघरातला देव्हारा दाखवला, आणि नमस्कार करून मी पहिला प्रश्न विचारला तो, मेन कुठे आहे? मेन पडवीत होता, दाराच्या मागे. सासूबाईंनी ही गोष्ट भावकीत पुरवून पुरवून सांगितली.

अशा बाईच्या घरात कॉफीचं मशिन आलं. मुलगा पुण्याला नोकरीला असतो. एका पावसाळ्यात तो लॅपटॉप घेऊन घरूनच काम करायला आला आणि येताना हे धूड घेऊन आला. मागच्या टाकीत पाणी घालायचं, वरच्या टोपलीत कागदाची गाळणी बसवून तिच्यात कॉफीची पूड टाकायची, खाली काचेचं भांडं ठेवायचं आणि बटण दाबायचं. लाल दिवा लागतो, पोटात गुडगुड होते आणि थेंब थेंब काळी कॉफी खाली उतरते. भांडं ज्या चकतीवर बसतं ती तापत राहते, म्हणून कॉफी गार होत नाही. त्या चकतीला आम्ही तवा म्हणायला लागलो.

सासूबाई आमच्या मूळ गावच्या, डोंगरातल्या कुडपणच्या. ऐंशीच्या घरातल्या, हयात गुळाच्या कोऱ्या चहावर गेलेली. पहिल्या दिवशी त्या मशिनसमोर हाताची घडी घालून उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "ह्यात गूळ कुठून टाकायचा?" गूळ नंतर कपात टाकायचा हे कळल्यावर त्यांनी कॉफी चाखली, आणि मग चहाचं नाव काढलं नाही. मुलगा पुण्याला परत गेला, मशिन राहिलं. पहाटे उठून आंघोळ, देवाला दिवा आणि लगेच मशिनचं बटण, असा त्यांचा क्रम ठरून गेला. कागदाच्या गाळण्या संपल्या तेव्हा त्यांनी जुना पंचा फाडून गाळणी शिवली. कबूल करते, ती कागदापेक्षा बरी चालली.

निगराणी मात्र माझ्याकडे होती. आमचं पाणी बोअरचं. महिन्या-दोन महिन्यांत मशिनच्या नळीत पांढरं कीट धरायचं, गुडगुड वाढायची आणि कॉफी रडतखडत उतरायची. मग मी टाकीत लिंबूसत्त्वाचं पाणी घालायचे, अर्धं उतरलं की मशिन बंद करून तसंच मुरू द्यायचे, उरलेलं उतरवायचे आणि वर दोनदा साधं पाणी सोडायचे. सासूबाईंचा आग्रह आमसुलाच्या पाण्याचा. "तांब्याची कळशी निघते, मग ह्ये का नाय निघायचं?" तेवढं मी ऐकलं नाही. टाकी, टोपली आणि भांडं धुवायचं. मशिनचं अंग फक्त पिळलेल्या फडक्याने पुसायचं, तेही पिन काढून. हा माझा नियम होता. शिवाय गळलेली वीज नीट जमिनीत उतरावी म्हणून अंगणातल्या अर्थिंगच्या खड्ड्यात मी उन्हाळाभर मीठ-पाणी ओतायचे. येणारे-जाणारे विचारायचे, कसलं झाड लावलंय?

आषाढात कुडपणला भावकीतले एक आजोबा गेले आणि आम्हाला सुतक आलं. सुतक फिटलं त्या दिवशी मी नेमकी महाडला दाताच्या डॉक्टरांकडे गेले होते. आमच्याकडे सुतक फिटलं की घर वरपासून खालपर्यंत धुतात, गोमूत्र शिंपडतात, कपडे आणि भांडी झाडून सगळी पाण्यातून काढतात. मी परत आले तर मागच्या दारी धुण्याच्या दगडावर पातेली, तांबे, परात, डबे सगळं पालथं घातलं होतं. त्यांच्या रांगेत मशिनही पालथं होतं. बुडातून पाणी ठिबकत होतं.

"आई, हे पाण्यात घातलंत?"

"मग काय ह्ये एकटं सुतकात ठेवायचं? चांगलं तीनदा बुडवून काढलं, घासलंबी."

त्यांना बोलून उपयोग नव्हता. त्यांच्या हिशेबी त्यांनी मशिनचं कल्याण केलं होतं. मी ते पुसून फ्रिजवर वाळत ठेवलं. पण पावसाळ्यात आमच्याकडे मीठ वाळत नाही, तिथे मशिनचं पोट काय वाळणार? रोज सकाळी सासूबाई फ्रिजकडे मान वर करून बघायच्या आणि कोरा चहा असा प्यायच्या, की मीच त्यांना उपाशी ठेवलंय. शेवटी माझ्या नवऱ्याने एके सकाळी मशिन खाली काढलं आणि चालू केलं. त्याचं हायवेवर ट्रकच्या सुट्या भागांचं दुकान आहे. ट्रकची बॅटरी आणि घरातली लाइट त्याला एकच वाटते. कॉफी आली. "बघ," तो म्हणाला. सासूबाईंनीही माझ्याकडे बघितलं.

चार-सहा दिवसांनी मी बटण बंद करून गार झालेला तवा पुसत होते, पिन काढायची नेमकी राहून गेली होती, आणि कोपरापर्यंत मुंगी चढल्यासारखं झालं. मी हात मागे घेतला. पुन्हा बोट टेकवलं, पुन्हा मुंगी. सासूबाईंना विचारलं, तुम्हाला होतं का असं?

"येतात थोड्या मुंग्या. माझ्या वयाला कुठं कुठं मुंग्या येतात, सांगू?"

नवऱ्याला बोलावलं. त्याने अख्खा पंजा तव्यावर ठेवला. "काहीही नाही. तुझ्या मनात करंट आहे." मी त्याच्या पायांकडे बघितलं. त्याला साखरेचा त्रास आहे, पायाला जखम होऊ नये म्हणून डॉक्टरांनी घरातही रबरी चपला घालायला सांगितल्या आहेत. देव्हारा असलेल्या स्वयंपाकघरात चपला चालत नाहीत, पण त्याच्या चपला औषधात जमा झाल्या होत्या. आम्ही दोघी बायका अनवाणी. म्हणून मशिन त्याला काही करत नव्हतं आणि आम्हाला चावत होतं. मी चपला काढायला लावल्या, तेव्हा त्याने एकच बोट टेकवलं आणि लगेच वायरमनला फोन केला.

वायरमन म्हणाला, उद्या येतो. त्या आठवड्यात वाऱ्याने जागोजागी खांब पाडले होते, त्यामुळे त्याचा उद्या उजाडेना. मी सासूबाईंना म्हटलं, तोवर मशिनला हात लावू नका, आणि लावायचाच झाला तर चपला घाला.

"देवासमोर चपला? मी?"

मग मी लाकडी पाट आणला. यावर उभ्या राहा म्हटलं. त्या पाटाकडे बघून तोंडाला पदर लावून हसल्या. "ह्या वयात मला बोहल्यावर चढवतेस व्हय गो? नवरा कुठाय?" मीही हसले. पण हसताना माझं लक्ष त्यांच्या ओल्या पावलांकडे होतं. मी पिन काढली, वायर गुंडाळली आणि मशिनचं तोंड भिंतीकडे केलं.

त्या दिवसांत मला नीट झोप नव्हती. पहाटे न्हाणीतून तांब्याचा आवाज आला की मी अंथरुणात कान लावून पडायचे. तांब्या, मग त्यांचं स्तोत्र, मग काडेपेटी. त्यापुढे गुडगुड ऐकू आली नाही की जीव भांड्यात पडायचा. भीती अशी असते, तिला रोज एकदा ताजं व्हावं लागतं.

त्या सकाळी मी उठून केर काढत होते. पाऊस लागलेला. स्वयंपाकघरातून गुडगुड ऐकू आली आणि माझ्या हातातली केरसुणी थांबली. मशिन लावलंय. स्तोत्र मात्र बंद होतं. मी दारापाशी गेले.

पाट मशिनसमोर होता. त्यावर उभं राहून त्यांनी पिन लावली, बटण दाबलं असावं, माझं तेवढं ऐकलं होतं. पण थोडी कॉफी तव्यावर सांडली होती, आणि ती पुसायला त्या खाली उतरल्या होत्या. ओल्या फरशीवर अनवाणी, हातात ओलं फडकं, आणि हात तव्यावर. त्या ओरडत नव्हत्या. खांद्यापासून खाली अंग थरथरत होतं आणि डोळे माझ्यावर होते. ओठ हलत होते, आवाज नव्हता. दुसरा हात माझ्या दिशेला जरासा उचलला होता.

दोन पावलांवर होत्या. माझा हात पुढे गेलाही होता. तो मी मागे घेतला, त्यांच्याकडे पाठ केली आणि पळाले.

माजघर, त्याचा उंबरा, पडवी. एवढंसं आमचं घर, पण त्या दिवशी ते संपेना. मागे वळून बघायचं नाही एवढंच डोक्यात होतं. वळले असते तर परत गेले असते, आणि परत गेले असते तर मिठी मारली असती. दाराच्या मागे हात घातला आणि मेनची दांडी खाली ओढली. पंखा मंदावला, गुडगुड थांबली आणि आत काहीतरी पडल्याचा आवाज आला. मी आयुष्यात तेवढी कशालाच घाबरले नाही, जेवढी तिथून स्वयंपाकघरापर्यंत परत जाताना घाबरले.

त्या श्वास घेत होत्या. बोटांची टोकं काळी पडली होती. मी त्यांचं डोकं मांडीवर घेतलं, तर त्यांनी डोळे उघडून माझ्याकडे बघितलं आणि मान दुसरीकडे वळवली.

गाडीतून महाडला नेताना त्या नवऱ्याच्या खांद्यावर डोकं ठेवून होत्या. डॉक्टरांनी हृदयाचा आलेख काढला, दोन दिवस ठेवून घेतलं, वाचल्या म्हणाले. बघायला आलेल्या प्रत्येकीला सासूबाई हळू आवाजात एकच सांगत होत्या. "ही दारात आली, मला बघितलंन, आणि पळाली गो. मला वाटलं, आता मी एकटीच." नवरा समजावत होता, आई, ती मेन पाडायला गेली, तिने हात लावला असता तर दोघी गेला असतात. त्या मान हलवायच्या आणि पुढच्या बाईला पुन्हा तेच सांगायच्या. मला राग येत होता. रडूही येत होतं. कारण त्यांनी पाहिलं ते खरंच होतं: मला बोलवायला त्यांनी हात उचलला आणि मी पाठ फिरवली. मी त्या दवाखान्याच्या जिन्यात बसून रडले.

नंतर वायरमन आला. स्वयंपाकघरातल्या त्या पॉइंटला अर्थिंगची तार कधी जोडलेलीच नव्हती, असं निघालं. इतके उन्हाळे मी मीठ-पाणी ओतलं ते मातीला. त्याने सगळ्या घराची वायर बदलली आणि करंट कुठे गळला की आपोआप पडणारा स्विच बसवला. जुनं मशिन भंगारात गेलं. मुलाने तसंच नवं आणून दिलं, तर सासूबाई त्याच्या जवळही जाईनात. बोटं बरी झाली तरी हात पदराखाली ठेवायच्या. घरात आता भित्र्या बाया दोन झाल्या. मी पाट ठेवून, चपला घालून, देवाची क्षमा मागून त्यांना कॉफी करून द्यायचे. त्या गूळ घालून प्यायच्या, माझ्याशी मोजकं बोलायच्या.

भाद्रपदात एका सकाळी त्यांनी मला स्वयंपाकघरात हाक मारली. आंघोळ झालेली, देवाजवळ दिवा लागलेला. मशिनमध्ये पाणी, पूड सगळं त्यांनीच भरलं होतं. स्वतः पाटावर उभ्या होत्या, बोट बटणापासून वीतभर लांब.

"तू मेनपाशी जा," त्या म्हणाल्या.

"आई, आता तो स्विच आपोआप पडतो."

"आपोआपचं मला नको सांगू. तू जा, तिथं उभी रा."

मी पडवीत गेले. तिथून स्वयंपाकघर दिसत नाही. पावसाच्या आवाजातून त्यांचा आवाज आला, "हायस का गो?"

"आहे, आई."

मग त्यांनी विचारलं, "पळालीस तशी पळशील ना?"

"पळेन," मी म्हटलं, आणि दांडीवर हात ठेवून गुडगुड ऐकू यायची वाट बघत उभी राहिले.