मधला दिवा
ढिगात कोपरापर्यंत हात घालायचा, आतला कापूस ओढायचा, त्यातली सरकी दाढेखाली फोडायची आणि मान न वळवता सांगायचं, "वाळला हाय, येऊ दे." घाटंजीकडच्या एका जिनिंगच्या, म्हणजे कापसातली सरकी काढायच्या कारखान्याच्या, फाटकावर मावशींचं हे काम. वाळलेली सरकी कटकन फुटते, ओली नुसती दबते. एका सरकीवर त्या कधी बोलल्या नाहीत. दहा ठिकाणच्या दहा फोडायच्या, मगच तोंड उघडायचं.

बोंडअळीची ती वर्षं. जेवढा हाती लागला तेवढा कापूस घेऊन आलेल्या माणसाला 'ओला आहे, परत ने' म्हणणं किती जड, ते यवतमाळकडच्यांना सांगायला नको. मावशींशी भांडणारे पुष्कळ होते. त्या कुणालाच बधायच्या नाहीत, मालकालासुद्धा. असं एखादं माणूस तुमच्याही पाहण्यात असेल.

मालकांना हेच खुपत असावं. त्यांनी मला ओलावा मोजणारं यंत्र करायला सांगितलं. मी नवा इंजिनियर, अंगात मस्ती. कापसात खुपसायची सळई, छोटा बोर्ड, दोन दिवे. ओलाव्याचा आकडा पाचशेवीसच्या वर गेला की लाल, खाली असला की हिरवा. घरी टेबलावर ते एकदाही चुकलं नाही. आठ दिवस नीट चाललं तर मावशींना फाटकावरून काढून आत कचरा वेचायला बसवू, असं मालक त्यांच्या तोंडावर म्हणाले.

पहिल्याच गाडीला लाल. मावशी म्हणाल्या, वाळलेला आहे. पुन्हा सळई घातली तर हिरवा, मग परत लाल. मी तार बदलली, सळई बदलली, कोड चार वेळा वाचला. मालकांनी यंत्राचं ऐकायचं ठरवलं होतं, त्यामुळे तीन दिवसांत दोन गाड्या परत गेल्या. मावशी एका पोत्यावर बसून नुसत्या दिव्यांकडे बघत होत्या.

तिसऱ्या दिवशी त्या म्हणाल्या, "भाऊ, तुयी मशीन कापूस नाही पाहून राह्यली. आतला जिन सुरू झाला का लाल, बंद झाला का हिरवा."

खरंच तसं होतं. घरी मी यंत्राला वीज लॅपटॉपमधून दिली होती. इथे सरकी काढणारा तो मोठा जिन सुरू झाला की बोर्डाला मिळणारा विजेचा दाब उतरायचा, आणि मी त्याच दाबाशी ताडून आकडा काढत असल्यामुळे आकडा फुगायचा. कापूस तोच, माझा गजच आखूड होत होता. मला त्या दोन गाड्या आठवल्या आणि मेल्याहून मेल्यासारखं झालं.

मावशी फाटकाला पाठ लावून उभ्या राहिल्या. "ज्यायले परत धाडलं त्यायले बलाव," त्यांनी मालकांना सांगितलं. "नाही त मी फाटक उघडत नाही." रस्त्यावर गाड्यांची रांग लागली, मालक ओरडले, मग विनवू लागले. शेवटी मोटारसायकलवर माणूस धाडला. दोन्ही गाड्या परत येईपर्यंत मावशी हलल्या नाहीत.

मग मी दुरुस्तीला बसलो. मोजायला वेगळा, स्थिर दाब दिला. दहा वेळा मोजून सरासरी घेतली, ही अक्कल अर्थात मावशींची. तरी पाचशेवीसच्या काठावर दिवे लुकलुकतच राहिले. काठावरचा कापूस आला तर तुम्ही काय करता, मी विचारलं.

"थांबते," त्या म्हणाल्या. "उनात पसरवाले लावते, मंग पायते. सांगाची घाई कायले?"

मी पाचशेवीसच्या जागी दोन आकडे धरले, एक थोडा खाली, एक थोडा वर, आणि मधल्यासाठी पिवळा दिवा बसवला. पिवळा लागला की माणसाला विचारायचं. मालक म्हणाले, दोनच दिवे ठेव. मी तीन ठेवले. मावशी फाटकावरच राहिल्या आणि पुढची सहा वर्षं माझ्या यंत्राला येता-जाता शिव्या देत राहिल्या.

त्या वारल्या तेव्हा मी पुसदला होतो. मालकांचा फोन आला. आता पिवळ्यावर सांगणारं कुणी नाही, तो दिवा काढून टाक, म्हणाले. मला रडू येत होतं, पण आवाज चढवून मी म्हणालो, दिवा राहील, माणूस नेमा. त्यांनी फोन आपटला. दुसऱ्या दिवशी सकाळच्या तिसऱ्याच गाडीला पिवळा लागला, मागे पार रस्त्यापर्यंत गाड्या अडकल्या, आणि दुपारच्या आत मालकांना फाटकावर एक बाई उभी करावी लागली.