अडीच इंचांची चोरी

तपासनीसबाईंच्या मनात शंका आली की ती उभ्या उभ्या येऊन परत जात नसे, चांगली मुक्कामाला राही. एकतीस वर्षं त्यांनी दुकानदारांची वजनमापं तपासली होती. निवृत्त होऊन वीस वर्षं होत आली, तरी भाजीवाल्याने तराजू उचलला की त्यांची नजर आधी काट्याकडे जाई, मग भाजीकडे. उंची म्हणाल तर भर उमेदीत चार फूट सात इंच. नोकरीत असताना त्या दुकानात शिरल्या की मालक म्हणायचा, "काय देऊ ताई?" मग त्या पिशवीतून खात्याची पोलादी पट्टी काढायच्या आणि मालकाच्या तोंडचं पाणी पळायचं. उंचीची सगळी कसर त्यांनी त्या पट्टीवर भरून काढली होती.

कपड्यांपुढे मात्र त्यांचं काही चालत नसे. दुकानातला सगळ्यात लहान मापाचा झगा घातला तरी त्याचे खांदे दंडावर उतरत, बगलेत मूठ जाईल एवढी फट राही आणि जिना चढताना खालचा घेर दोन्ही हातांनी गोळा करावा लागे. पाठीवरच्या चेनला हात पोचत नसे ते वेगळंच. लहान मुलींच्या विभागात लांबी जमायची, पण तिथे छातीवर बदक. "आजी, बदक उसवून देऊ," असं तिथली मुलगी प्रेमाने म्हणाली, आणि बाईंनी त्या दुकानाच्या नावाने कानाला खडा लावला.

मग बारा वर्षांपूर्वी त्यांना शिवणवाली सापडली. औषधाच्या दुकानाला लागून एक खोली, दारात आरसा, खिडकीशी मशीन. तिने शिवलेल्या झग्याचे खांदे खांद्यांवरच राहत. पुढून मोठाली बटणं, दुखऱ्या बोटांनीही लावता येतील अशी. बाही मनगटाशी थांबायची आणि आतून चष्म्यापुरता खिसा असायचा. बाई पहिल्याच दिवशी पट्टी घेऊन गेल्या होत्या. तिचा मापाचा टेप त्यांनी इंच न् इंच ताडून पाहिला आणि शेवटच्या टोकाला पक्क्या शाईने आपली सही ठोकली. वहीत लांबी लिहिली गेली, चव्वेचाळीस. पुढे दर झग्याला नव्याने माप व्हायचं. शिवणवाली घोट्यापाशी टेप चिमटीत धरायची, बाई ती चिमूट डोळ्यांजवळ नेऊन आकडा स्वतः वाचायच्या आणि मगच तो वहीत जायचा. वहीत दर वेळी चव्वेचाळीस. नवऱ्यामागे बाईंनी जिच्यावर डोळे मिटून विश्वास टाकला, अशी ही एकटीच.

त्या दिवशी निळ्या झग्याची खालची दुमड उसवली. किती दोरा लागेल ते पाहावं म्हणून बाईंनी झगा पलंगावर पसरला आणि पट्टी लावली. साडेएक्केचाळीस. त्यांनी पट्टी पुसली, चष्मा पुसला, पुन्हा लावली. पुन्हा साडेएक्केचाळीस. झगा उलटा केला तर पाठ पुढच्यापेक्षा चांगली एक इंच लांब. म्हणजे मापात खोट होतीच, वर कापणीही वाकडी.

कुठेतरी पाणी मुरत होतं. बाईंनी कपाट रिकामं केलं आणि सगळे झगे वयाप्रमाणे ओळीने मांडले. सगळ्यात जुना चव्वेचाळीस, त्यानंतरचे साडेत्रेचाळीस, मग साडेबेचाळीस, आणि निळा साडेएक्केचाळीस. ही तऱ्हा त्यांच्या चांगल्या ओळखीची होती. लबाड माणूस एकदम मोठा घास घेत नाही. आधी चिमूटभर खातो, गिऱ्हाईक गप्प बसलं की आणखी चिमूटभर. दर झग्यामागे कापड गेलं होतं आणि वहीत मात्र ठणठणीत चव्वेचाळीस.

वाळलेले कपडे घेऊन सूनबाई खोलीत आली आणि तो पंचनामा बघून दारातच थबकली. सगळं ऐकून घेतल्यावर तिने विचारलं, "पण आई, निळा झगा तुम्हाला नीट बसतो ना?"

"उत्तम बसतो."

"मग?"

"तेच तर. बसतो म्हणूनच इतकी वर्षं चोरी लक्षात आली नाही."

सूनबाई कपड्यांच्या घड्या घालू लागली. मध्येच तिला एकदा खोकला आला, आणि तो हसू दाबल्याचा आहे हा संशय बाईंनी नोंदवून ठेवला.

दोन दिवस त्यांना अन्न गोड लागलं नाही. राग होताच, पण त्याहून भीती मोठी होती. शिवणवाली चोर निघाली तर तिचं तोंड बघायचं नाही, हे ठरलेलंच. पण मग घालायचं काय? पुन्हा ते दंडावर उतरणारे खांदे, पुन्हा ते बदक. शिवाय त्यांना ती बाई आवडत होती, आणि फसवणूक दर वेळी आवडत्या माणसाकडूनच व्हावी याचं त्यांना फार वाईट वाटलं.

तिसऱ्या दिवशी नव्या झग्याचं कापड आणि पिशवीत पोलादी पट्टी घेऊन त्या निघाल्या. सोबत सूनबाई होती, तिला त्यांनी बाहेरच्या स्टुलावर बसवलं. आत त्या डोळ्यांत तेल घालून उभ्या राहिल्या. शिवणवालीच्या गळ्यात हिरवा टेप लटकत होता. तो तसाच ठेवून तिने खणातून जुना, सहीचा टेप काढला. इतकी वर्षं बाईंना हा आपला मान वाटत आला होता. आज त्यांच्या मनात पाल चुकचुकली.

शिवणवाली खाली बसली, घोट्यापाशी चिमूट धरली आणि चिमूट त्यांच्यापुढे केली. चव्वेचाळीस. बाईंनी आकडा पाहिला, मग म्हणाल्या, "आता दुसरं टोक दाखव."

शिवणवालीचा हात जागच्या जागी थांबला. बाईंनी टेप ओढून घेतला. टोकाला नवीकोरी पितळी पट्टी होती आणि तिच्यानंतर इंचभर अंतरावर पहिला आकडा होता चार. एक, दोन, तीन गायब. बारा वर्षं त्यांनी शेवटचा आकडा डोळ्यांजवळ नेऊन वाचला होता, सुरुवात कधी पाहिलीच नव्हती. नोकरीत एखाद्या शिकाऊ माणसाने ही चूक केली असती, तर त्याला त्यांनी फाडून खाल्लं असतं.

"कापड कुठे जातं?" त्यांनी विचारलं. आवाज चढवायचा होता, पण चढेना.

"तुमच्या आतल्या खिशात," शिवणवाली म्हणाली. "उरतं, म्हणून दर वेळी खिसा जरा मोठा करते."

मग ती उठून उभी राहिली आणि कसलीही सारवासारव न करता बोलली. आठ वर्षांपूर्वी तिने खरा आकडा वाचला होता, साडेत्रेचाळीस. तेव्हा बाईंनी तिला टेप धरता येत नाही असं सुनावलं आणि चार महिने पायरी चढल्या नाहीत. दुकानातून तयार झगा आणला, जिन्यात त्याच्या घेरात पाय अडकला आणि मनगट मोडलं.

"प्लास्टर घेऊन तुम्ही माझ्या दारात आलात ना, त्याच दिवशी मी टेप कापला," ती म्हणाली. "तुम्हाला आकडा जुनाच हवा होता, तो दिला. कपडा अंगावर शिवला. आता गेल्या आठवड्यात तुम्हाला रस्त्याने जाताना पाहिलं, आणि टेप आणखी अर्धा इंच कापला."

"आणि पाठ लांब का?"

"पाठ वाकली की झगा मागून वर चढतो, बाई."

ओट्यावरची फळी वर बसवली म्हणून आपण सुताराशी भांडलो होतो, हे बाईंना आठवलं. कपडे वाळत घालायची दोरी उंच बांधली म्हणून सूनबाईला बोललो होतो. सगळ्या घराने आपल्याविरुद्ध कट केलाय, असा त्यांचा पक्का समज होता. आणि त्यांची आई शेवटी शेवटी केवढीशी झाली होती, हे त्यांनी मनातसुद्धा कधी येऊ दिलं नव्हतं. त्यांना लाज वाटली, रडूही आलं. ते त्यांनी गिळलं.

"गळ्यातला टेप काढ," त्या म्हणाल्या.

हिरवा टेप त्यांनी पट्टीला लावून एकपासून तपासला आणि परत दिला. मग जमेल तेवढ्या ताठ उभ्या राहिल्या. शिवणवालीने खांद्यापासून घोट्यापर्यंत टेप सोडला, चिमूट धरली आणि त्यांच्यापुढे केली. बाईंनी ती डोळ्यांजवळ नेऊन आकडा वाचला. शिवणवालीने खाली बसल्या बसल्याच वही उघडली, पेन उचललं आणि त्यांच्या तोंडाकडे पाहिलं. चव्वेचाळीस लिहायची तिची अजूनही तयारी होती.

बाई तिच्या कानाशी वाकल्या. "एक्केचाळीस लिही," त्या म्हणाल्या. "फक्त मोठ्याने वाचू नको. बाहेर सूनबाई बसलीय."