भंडाऱ्याचं ताट

चाकणच्या कंपन्या आमच्या गावाच्या वेशीपर्यंत आल्या, शेतांत भाड्याच्या खोल्या उभ्या राहिल्या, तरी ग्रामपंचायतीची निवडणूक आली की भंडाऱ्याचं ताट अजून निघतंच. उमेदवाराची माणसं ते घेऊन घरोघर फिरतात. प्रत्येकाने देवळातली ती हळद मुठीत उचलायची आणि देवाची आण घेऊन सांगायचं, मत तुम्हालाच. नाही म्हणावं तर देवाचा अपमान. म्हणजे मतदान उंबऱ्यातच उरकतं. शाळेत जाऊन बटण दाबायचं ते नुसतं देखाव्याला.

मागच्या खेपेला माझ्या सासूबाईंनी असाच भंडारा उचलला आणि भावकीतल्या उमेदवाराला मत दिलं. निवडून आल्यावर त्याने आमच्या आळीकडे ढुंकूनही पाहिलं नाही. खोल्यांचं सांडपाणी आमच्या दारातून वाहतं. त्यात घसरून सासूबाईंचं मनगट मोडलं. यंदा तोच पुन्हा उभा राहिला, तेव्हा त्यांनी एवढंच ठरवलं होतं की या वेळी मत आपल्या मनाने द्यायचं. पण ताटाची धास्ती होतीच.

"हात लावला की संपलं गं," त्या म्हणायच्या. "देवाची आण न्हाई मोडवत मला."

मला संताप यायचा. त्यांचा नव्हे, त्यांच्या श्रद्धेवर दुकान मांडून बसलेल्यांचा. नवऱ्याजवळ विषय काढला तर तो म्हणाला, "भावकीत राहायचंय आपल्याला, उगाच वाकड्यात शिरू नको," आणि सेकंड शिफ्टची बस पकडायला निघून गेला.

त्याच संध्याकाळी चुलत सासरे ताट घेऊन दारात आले, मागे उमेदवाराची माणसं. त्यांनी ताट सासूबाईंपुढे धरलं. सासूबाईंचा हात पदराखालून बाहेर येईना. मी पुढे झाले.

"मामंजी, आधी मी उचलते."

त्यांचा चेहरा खुलला. मी मूठभर भंडारा घेतला, कपाळाला लावला आणि सगळ्या आळीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "देवाची आण घेऊन सांगते, माझं मत मी कुणाला दिलं ते मरेपर्यंत कुणालाही सांगणार नाही."

"ही कसली आण?" चुलत सासरे म्हणाले. "उमेदवाराचं नाव घे."

"आण घेऊन झाली, मामंजी. आता नाव घेतलं तर मोडेल. देवाची आण मोडायला तुम्हीच सांगताय का?"

भंडारा त्यांनीच देवळातून आणलेला, त्यावर घेतलेली आण खोटी कशी म्हणणार? तेवढ्यात माझ्या खांद्यावरून सासूबाईंचा हात पुढे आला. त्यांनी चिमूटभर भंडारा उचलला. "भावजी, माजीबी हीच आण," त्या म्हणाल्या. समोरच्या दारातल्या बायका सगळं बघत होत्या. दुसऱ्या दिवशी नळावर त्यातल्या दोघींनी मला नेमके शब्द विचारून घेतले. मी आनंदाने सांगितले.

मतदानाच्या दिवशी मी रजा टाकली आणि सासूबाईंना शाळेत घेऊन गेले. बोटाला शाई लावून आम्ही बाहेर आलो, तर रस्त्याच्या कडेला चुलत सासरे उभे.

"वहिनी, आपल्याच माणसाला ना?"

"तुमच्याच ताटातला भंडारा उचललाय, भावजी," सासूबाई म्हणाल्या. "सांगता यायचं न्हाई."

मला हसू आवरेना. सांडपाण्यातून वाट काढत घराशी आलो, तेव्हा मी हळूच म्हटलं, "आत्याबाई, मला तरी सांगा."

त्यांनी लुगडं सावरलं, माझा आधार न घेता पाण्यातल्या दगडावर पाय ठेवला आणि उंबऱ्यावर चढून मागे वळल्या.

"तुलाबी न्हाई."